बेबी ऑफ

आमच्या घरात माझी म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आत्यापण. मानकोलीकडची जमीन गोडाऊनसाठी गेली तेव्हा हक्कसोडपत्रावर मी सही केली. बहिणी करतातच. सही झाली की भाऊ साडी घेतो, बहीण ती नेसून गोडाचं जेवते आणि विषय संपतो. मीही साडी नेसले, श्रीखंड खाल्लं. सासर त्याच्या आधीच सुटलं होतं. दोन बॅगा घेऊन माहेरी आले ती आलेच. शाळेत नोकरी आहे, कुणाच्या जिवावर मी जेवत नाही. तरी आपण पाहुणे की घरचे, हे माहेरी राहणाऱ्या बाईला रोज नव्याने ठरवावं लागतं. हे मी जरा रागानं लिहिते आहे. माझ्या नाकावर राग असतोच, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून लग्नाला आठ वर्षं झाल्यावर भावजयीला दिवस गेले तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधीच मी बजावलं, "नाव मी ठेवणार. आत्याचा मान असतो."

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान, वडप्याला एका गोडाऊनवर सुपरवायझर. तो हसला. "तुजाच मान, ताय. फकस्त असा काय ठेवू नको का पोर शाळंत जाऊन रडंल."

"आन बारशाला धपाटं कोन खाईल?" आई म्हणाली.

"मीच खाईन."

बारशाला आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, आणि ती वाकलेली असतानाच जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. काही बायका जुना रागही त्यातच काढून घेतात. माझ्यावर राग असणाऱ्या गावात बऱ्याच आहेत, त्यामुळे पाठ चांगली मजबूत ठेवायला हवी होती.

नाव मी सहाव्या महिन्यातच ठरवलं. मुलगा झाला तर एक, मुलगी झाली तर एक. कुणाला सांगितलं नाही. शाळेचं जनरल रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यात एकदा नाव चढलं की माणूस म्हातारा झाला तरी तेच राहतं. घाईत ठेवलेली, चुकून लिहिलेली, कुणीतरी गमतीनं सांगितलेली नावं घेऊन जन्म काढणारी पोरं मी पाहिलेली आहेत. भावजय कल्याणची. तिची बहीण तिला मोबाईलवर नावांच्या याद्या पाठवायची, सगळी दोन-दोन अक्षरांची, अर्थ विचारला तर पुन्हा मोबाईलच बघावा लागेल अशी. भावजय त्या याद्या मला वाचून दाखवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी तोंड हलू द्यायचे नाही. माझं नाव चांगलं भारदस्त होतं, कुणी अर्धवट हाक मारू शकणार नाही असं.

बाळ आठव्या महिन्यात झालं. सकाळी भावजयीला चक्कर आली, दुपारी भिवंडीतल्या हॉस्पिटलात तिचं सिझर करावं लागलं आणि संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की मुलगा आहे, वजन फार कमी आहे, फुप्फुसं तयार नाहीत, काचेत ठेवलंय. काचेत ठेवलंय हे आईला लगेच कळलं. आठवा महिना मात्र तिला मान्य नव्हता. सातव्यातलं मूल राहतं आणि आठव्यातलं राहत नाही, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. ती बाकावर बसून बोटांची पेरं मोजायला लागली. एकदा मोजली, आठ आली. पुन्हा मोजली, पुन्हा आठ. तिसऱ्यांदा तिनं मधलं एक पेर सोडून दिलं.

"सातवाच हाय," ती म्हणाली. "आताच्या पोरींना मोजता येत न्हाय."

मी काही बोलले नाही. त्या नऊ दिवसांत जिथं गप्प बसायला हवं होतं तिथं मी गप्प बसले असेन तर ती तेवढी एकच जागा.

हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेट्यांची खोली होती आणि तिच्या बाहेर लांब हॉल. हॉलमध्ये टीव्ही कायम चालू असायचा, आवाज बारीक करून. त्याच दिवसांत सातासमुद्रापार कुठल्याशा राजवाड्यात मूल जन्मलं होतं आणि हिंदी बातम्यांवाल्यांना दुसरा उद्योग राहिला नव्हता. राजवाड्याचं फाटक दाखवायचे, फाटकाबाहेर फुलं घेऊन उभी राहिलेली माणसं दाखवायचे, आणि मग चार जण बसून नाव काय ठेवतील यावर बोलायचे. लोक म्हणे नावावर पैजा लावत होते. आई ते सगळं डोळे बारीक करून बघायची. तिला राणी आवडायची. कुठलीही राणी. "एवढी मोठी मान्सं, आन त्यांचं बी नाव ठरत न्हाय," ती म्हणाली. मग जरा वेळानं विचारलं, "त्यांच्यात बी आत्याच ठेवते काय गं?"

"त्यांच्या आत्याला कोण विचारतं," मी म्हटलं. मला त्या न बघितलेल्या आत्येची कीवच आली. आपलं बरं, असं वाटलं. बाळ काचेत होतं तरी त्या वेळी मला खरोखर तसं वाटलं, हे लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते झालं. काचेच्या खोलीचं दार उघडून नर्स बाहेर आली आणि तिनं मोठ्यानं हाक दिली, "बेबी ऑफ" आणि पुढं भावजयीचं नाव. औषध आणायची चिठ्ठी द्यायची होती, दुसरं काही नाही. मी उठून चिठ्ठी घेतली आणि मागं वळले तर आई बाकावरून खाली सरकलेली. फरशीवर बसून दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेत होती. आवाज नाही, नुसतं मारणं.

मला क्षणभर कळेना. मग कळलं.

आमच्या घराच्या मागं वडिलांची आठ लूमची शेड होती. वडील गेल्यावर लूम भंगारात गेले आणि शेडच्या खोल्या केल्या, पण त्याआधी तीस वर्षं आई त्या खडखडाटात स्वयंपाक करत होती. तिला इंग्रजीचा एकच शब्द चांगला माहीत. लाईट गेली की कामगार ओरडायचे, "ऑफ!" शिफ्ट संपली की ऑफ. लूम बिघडला की जॉबर, म्हणजे दुरुस्तीवाला, यायचा, आत हात घालून बघायचा, आणि दुरुस्त होण्यासारखा नसला तर खडूनं त्याच्यावर तीन अक्षरं काढून ठेवायचा. आईला वाचता येत नाही, पण ती अक्षरं तिला ओळखू यायची. एक गोल आणि दोन सारख्या दांड्या. तसं लिहिलं की तो लूम परत चालायचा नाही.

मी तिला उठवून बसवलं. "आई, तसं नाही. 'ऑफ' म्हणजे 'चं'. हिचं बाळ, एवढंच म्हणाली ती. बाळ आहे. ठीक आहे."

"ऑफ बोलली ती. मी आयकलं."

"इंग्रजीत तसंच म्हणतात."

"मंग 'चं' म्हना ना," आई म्हणाली. "हिचं बाळ, असं म्हना. त्याला ऑफ कनाला बोलतात?"

मी तिला नर्सला सांगून आत घेऊन गेले, तिची खात्री पटावी म्हणून. एका वेळी एकच माणूस आत सोडायचे, म्हणून ती एकटी गेली आणि मी दाराच्या काचेतून बघत राहिले. ती पेटीपाशी उभी राहिली, हात न लावता. बाळाची छाती भराभर वरखाली होत होती, तेवढी मला दारातूनही दिसली. मग आईची नजर पेटीवर इंग्रजीत 'बेबी ऑफ' लिहून चिकटवलेल्या कार्डावर गेली आणि तिथंच थांबली. बाहेर आली तेव्हा ती एकच बोलली. "गोल हाय. दांडी बी हाय. एकच हाय, पन हाय."

नर्स तरुण होती, चांगली होती. तिला मी काय झालं ते सांगितलं तर तिला हसू आलं, मग वाईट वाटलं. "नाव ठरलं असेल तर सांगा ना," ती म्हणाली. "कार्डावर तेच लिहिते. हाकही तीच मारू."

आई माझ्याकडे वळली. "सांग."

मी म्हटलं, "बाराव्या दिवशी."

"बाय, सांग. त्याच्यावरचं ते पुसूदे."

"आई, बाळ घरी आल्याशिवाय नाव ठेवतात का? पाळणा नाही, काही नाही. नाव आधी फुटलं तर दृष्ट लागते, तूच सांगतेस ना?"

हे मी तिच्या तोंडचं तिलाच परत दिलं. दृष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही. खरं कारण वेगळं होतं. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये, औषधाच्या चिठ्ठीवर, नर्सच्या पेननं माझा मान संपवायची मला इच्छा नव्हती. मला पाळणा हवा होता, फुगे हवे होते, भावजयीच्या कल्याणच्या बहिणीसमोर मला वाकायचं होतं, आणि मी नाव घेतलं की सगळ्यांनी 'वा' म्हणायला हवं होतं. जमिनीच्या वेळी एका सहीत मोकळी झाले होते. हे एक तरी थाटात व्हावं, असं मनात होतं. आणि बाळ घरी येणार नाही, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. डॉक्टर बोलायचे त्यातलं मी हवं तेवढंच ऐकायचे.

भावजयीच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून तिलाही घरी सोडलं नव्हतं. ती दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून दोनदा तिला चाकाच्या खुर्चीतून वर आणायचे. पेटीला गोल भोकं असतात, त्यातून ती हात घालून बाळाच्या तळव्याला बोट लावायची आणि म्हणायची, "राजा, ए राजा." दुसरं नावच नव्हतं ना त्याला. तिनंही मला विचारलं होतं, एकदाच, आणि तेही हळूच. मी म्हटलं, "बारशाला कळेलच की." ती शहाणी मुलगी, पुन्हा विचारलं नाही.

पाचव्या दिवशी पाचवी आली. आमच्यात पाचवी म्हणजे गावजेवण. मुलगा झाला की पाचवीला घरापुढं मांडव पडतो, मटण शिजतं, भजनी मंडळ बसतं. आईनं मांडव घातला नाही, पण पूजा सोडली नाही. संध्याकाळी रिक्षानं घरी गेलो. तिनं पाटा-वरवंटा मांडला, पाट्याला हळदकुंकू लावलं, आणि बाळाच्या जागी बाळाचं दुपटं घडी करून ठेवलं. त्याच्याशेजारी कोरा कागद आणि पेन. त्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून ठेवायचं असतं. माझ्याच शाळेच्या वहीचा कागद होता तो, मीच फाडून दिला.

सकाळी हॉस्पिटलला निघताना तिनं कागद माझ्या हातात दिला. "बघ गं, काय लिवलंय?"

"कोराच आहे, आई. दरवेळी कोराच असतो. ते काय आपल्याला दिसतं?"

"पेनात शाई व्हती का?"

पेन मी हातावर ओढून बघितलं. शाई होती. तिनं कागदाची घडी केली आणि ती पुन्हा माझ्यापुढं धरली. "मंग तू लिव. तुला येतं. त्याचं नाव लिव. कुनाला दाखवनार न्हाय, मला तं वाचता बी येत न्हाय."

तिला वाचता येत नव्हतं. लिहिलं असतं तरी नाव फुटलं नसतं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं असतं. मी म्हटलं, "उशीर होतोय, चल." कागद तिनं ब्लाउजमध्ये ठेवला.

आमच्या शेजारच्या बाकावर एक बाई असायची. तिचा नवरा लूमवर आणि मुलगाही लूमवर, वीस वर्षांपूर्वी यूपीकडून आलेली माणसं. तिचा नातू आमच्या बाळाच्या पलीकडच्या पेटीत होता. आई आणि ती दिवसभर एकमेकींशी बोलत बसायच्या, आई तिच्या मोडक्या हिंदीत आणि ती तिच्या यूपीकडच्या हिंदीत. सातव्या दिवशी त्या बाईनं बर्फी आणली. त्यांच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. बाळ अजून पेटीतच होतं, तरी ठेवलं होतं.

आईनं विचारलं, "पन काचेमे था, तो कानमे कैसा बोला?"

"अज़ान तो पैदा होतेही दे दी थी, इसके बापने," ती बाई म्हणाली. "नाम भी सुना दिया. सुनने दो ना, माजी. पता तो चले के कोई बुला रहा है."

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते बाळ घरी गेलं. नावामुळे गेलं नाही, एवढं मला कळतं. ते आमच्या बाळापेक्षा वजनानं जास्त होतं. पण आईनं त्याच्या पेटीवरचं नवीन कार्ड पाहिलं होतं. त्यावर गोल आणि दांडी नव्हती.

आठव्या दिवशी दुपारी टीव्हीवर एकदम गडबड उडाली. राजवाड्यानं नाव जाहीर केलं होतं. एक नव्हे, चार नावं, एकापुढं एक. बातम्या देणारी मुलगी ती चारही पुन्हा पुन्हा वाचत होती आणि प्रत्येक नाव कुठल्या आजोबाचं, कुठल्या पणजोबाचं ते सांगत होती. मग बाळाला घेऊन पायऱ्यांवर उभे असलेले आईबाप दाखवले. ते पहिले काही आठवडे घरच्या माणसांतच राहणार होते म्हणे, कुणी त्रास देऊ नये अशी विनंती होती.

"काय ठेवलं?" आईनं विचारलं.

मी सांगितलं.

"चार!" ती म्हणाली. बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. "एकाच पोराला चार नावं. त्यातलं एक आमाला दिलं असतं तरी चाललं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "राजाच्या घरात बी बारा दिस थांबले न्हाईत, बाय."

तेव्हाही मी सांगितलं नाही. आता तर मी गोष्ट इतकी ताणून धरली होती की सोडली असती तर इतके दिवस का धरली, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. हट्टाचं असं असतं. सुरुवातीला त्याला कारण असतं, मग तो आपल्याच जोरावर चालतो. चार दिवस तर राहिलेत, असं मी मनात म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास बाळ गेलं. नर्स दार उघडून बाहेर आली. ती हाक मारणार होती, तिच्या तोंडातून 'बेबी' एवढं बाहेरही पडलं, आणि समोर आई दिसताच ती थांबली. पुढचा शब्द तिनं उच्चारला नाही. त्यावरूनच कळलं.

भाऊ मृत्यूचा कागद करून आला. नावाच्या रकान्यात तेच लिहिलेलं होतं, 'बेबी ऑफ' आणि पुढं भावजयीचं नाव. आईनं तो कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि बोटानं ती अक्षरं शोधून काढली.

"आता बराबर लिवलंय," ती म्हणाली.

एवढी लहान मुलं आमच्याकडे पुरतात, आणि बायका तिकडं जात नाहीत. भावानं बाळाला अंगणात आणलं तेव्हा ते त्या पाचवीच्या दुपट्यात होतं. भाऊ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. दुपटं जरासं माझ्याकडे कललं. कान दिसत होता. अर्धं मिनिट तरी तो तसा उभा होता. माझे थोरले काका मागून म्हणाले, "नको, नाव नको. नाव ठेवलं का जीव अडाकतो. बिननावाचा मोकला जातो." मी त्या वाक्याच्या आड लपले. काकांच्या एकाही गोष्टीवर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही. त्या दिवशी ठेवला. भाऊ वळला आणि माणसं खाडीच्या बाजूला निघाली.

भावजय घरी आली. तिला दूध येत होतं. आईनं तिची छाती कापडानं बांधली, मोगऱ्याच्या कळ्या ठेवल्या, दूध आटायला जे काही करतात ते केलं. घरात कुणी बाळाचा विषय काढायचा नाही, असं ठरलं. ठरवलं कुणी ते मला माहीत नाही, पण सगळे पाळत होते. नाव नसल्यामुळे ते सोपंही होतं. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल चुकूनही बोललं जात नाही.

भावजय मात्र मोबाईल घेऊन बसायची. आम्हाला वाटायचं, मन रमवते आहे. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा बघितलं, ती त्या राजवाड्यातल्या बाळाचे फोटो बघत होती. पायऱ्यांवरचा. पांढऱ्या शालीत गुंडाळलेला. आजीच्या मांडीवरचा.

"आज अठरा दिवसांचा झाला," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा एकच दिवस मोठा आहे, ताई."

त्यानंतर ती मला रोज सांगायला लागली. आज बाविसावा. आज त्याला गाडीतून कुठंतरी नेलं. आता नजर धरायला लागला असेल. डोळे बापासारखे वाटतात का? मी 'हो' म्हणायचे आणि कप उचलून बाहेर यायचे. आई ओरडायची, "कनाला बघतेस लोकांची पोरं? ठेव तो मोबाईल." पण मला कळत होतं. तिला दिवस मोजायला कुणीतरी हवं होतं. त्या लांबच्या पोराला चार नावं होती, त्यातल्या एकानंही ती त्याला कधी बोलावलं नाही. ती म्हणायची, 'तो'. तो आज असा दिसतो, तो आज हसला असेल. कुठला तो, हे माझ्यानं तिला विचारवलं नाही.

सव्वा महिना झाला. त्या दिवशी बाळंतीण न्हाऊन बाहेर येते, देवाला जाते. भावजयीनं डोक्यावरून आंघोळ केली, केस मोकळे सोडून ती मागच्या पडवीत बसली. जुन्या शेडच्या खोल्यांमध्ये आता गोडाऊनवर हमाली करणारी पोरं राहतात. दुपारची ती ड्युटीवर गेलेली. सगळं शांत होतं. मी तिथं तांदूळ निवडत बसले होते.

"ताई," ती म्हणाली, "त्याचं नाव काय ठेवणार होतात?"

माझा हात थांबला.

"सगळे म्हणतात विसर. विसरीन. पण काय विसरायचं ते तरी माहीत पाहिजे ना?" ती रडत नव्हती. "मला सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

मी ताट बाजूला ठेवलं. मोठ्यानं म्हणता येईना. गेला सव्वा महिना ते नाव मी मनात इतक्या वेळा गिळलं होतं की घशात त्याला वाटच राहिली नव्हती. मी तिच्याजवळ सरकले, वाकले, तिचे ओले केस बाजूला केले, आणि तोंड उघडलं तर आधी 'कुर्र' आलं. मी ठरवून केलं नाही. ओठांना तेवढंच माहीत होतं. मग नाव सांगितलं.

मी अजून वाकलेलीच होते, तेवढ्यात माझ्या पाठीवर तिचा हात पडला. धपाटाच होता तो. अगदी हलका. एकच.

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिच्याआधी मी रडले, याची मला आजही लाज वाटते.

"छान आहे," ती म्हणाली. "केवढं मोठं आहे. त्याला पेललं असतं का?" आणि मग, बऱ्याच वेळानं, "ताई, त्याला सांगितलं होतंत का? त्यानं ऐकलं होतं का?"

मी खोटं बोलत नाही. घरात मी त्यासाठीच बदनाम आहे. तोंड उघडलं, पण आतून ना 'हो' येईना ना 'नाही'. तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक.

"आयकलं का म्हून काय विचारतेस?" आई म्हणाली. "हिनं सांगितलं ना त्याला. काचेच्या भोकातनं. मी दारातनं बघितलं."

भावजय तिच्याकडे बघत राहिली.

"हसला बी," आई म्हणाली.

भावजयीनं डोळे मिटले आणि मान हलवली, खूप वेळ हलवत राहिली. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्यापुढचं तांदळाचं ताट उचललं आणि ती आत गेली.

यालाही आता बरेच महिने झाले. राजवाड्यातला मुलगा बसायला लागला, असं भावजय परवा म्हणाली. पाचवीचा तो कोरा कागद आईच्या पानसुपारीच्या डब्यात आहे, मी पाहिलाय. रोज दुपारी आम्ही दोघी शेजारी बसून भाजी निवडतो, इकडचं तिकडचं बोलतो. नाव काय होतं, हे मात्र आईनं मला अजून विचारलेलं नाही.